चंपतरावांची गाडी स्क्रीनवर नाही

आदिलाबाद
१६ ऑक्टोबर १९९६

वहिनी,

साष्टांग नमस्कार पत्रातूनच घ्या. मी ज्या केबिनमध्ये बसतो तिथं साष्टांग घालायला जागा नाही.

तुम्ही हैदराबादेत क्लासमधल्या पोरापोरींना व्हिज्युअल बेसिक शिकवता आणि मी इथं जिनिंगच्या कारखान्यात कापूस नाकात घेत तेच करून राह्यलो. म्हणजे आपण एकाच धंद्यातले. फरक एवढाच की तुमच्याकडे डिग्री आहे आणि माझ्याकडे नांदेडच्या प्राचार्यांच्या टेबलावरची काच फोडल्याची कीर्ती. दादांना सांगा, त्यांचा चुलतभाऊ कॉलेज सोडूनही उपाशी मेला नाही. त्यांची निराशा होईल, पण सांगा.

आमच्या अमृतशेठनी कॉम्प्युटर घेतला, कारण समोरच्या जिनिंगवाल्यानं घेतला. गेल्या दसऱ्याला त्याची पूजा झाली आणि झेंडूचा हार घातला. मी नोकरीला लागलो तेव्हा तो वाळलेला हार स्क्रीनवर तसाच होता. कॉम्प्युटरनं वर्षभर तेवढं एकच काम केलं होतं.

आता माझं काम ऐका. कपाशीची गाडी फाटकातून आत आली की चौकीदार तेलुगूत ओरडतो, "बंडी वच्चिंदी!" मी वर केबिनमध्ये शेतकऱ्याचं नाव-गाव टाइप करतो. त्या गाडीचं एक बटन स्क्रीनवर उगवलं पाहिजे. काटा मोकळा झाला की मी ते दाबतो, भोंग्यावर नाव पुकारतो, आणि वजन झालं की बटन गेलं. दिवसाला किती गाड्या येतील हे देवाला ठाऊक नाही, मग मला कुठून असणार? म्हणून बटनं आधी काढून ठेवता येत नाहीत, प्रोग्राम चालू असतानाच तयार करावी लागतात.

पहिलं बटन मी हातानं काढलं, ते दिसतं. दुसरी गाडी आली, नवं बटन लोड केलं. मशीन चूक दाखवत नाही आणि बटनही दाखवत नाही. शेठ माझ्या मागं खुर्ची टाकून तंबाखू मळत म्हणतात, "दौलत, खिडकीतून गाड्या चार दिसून राह्यल्या, तुया टीव्हीत एकच काऊन?"

उपाय लवकर कळवा. कापूस फुटला आहे आणि शेठही फुटायच्या बेतात आहेत.

बाकी, तुमची धाकटी बहीण रेणुका कशी आहे? सहज विचारलं. तुमच्या लग्नात तिनं मी नको-नको म्हणत असताना मला तिसऱ्यांदा बुंदी वाढली, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. डॉक्टर म्हणतात पित्त.

तुमचा दीर
दौलत


हैदराबाद
२४ ऑक्टोबर १९९६

दौलतभाऊजी,

आशीर्वाद. पित्तावर आमसूल चांगलं.

तुमचं बटन जन्मलं आहे, फक्त लपलेलं आहे. चालू प्रोग्राममध्ये तयार केलेलं प्रत्येक बटन लपूनच जन्मतं. त्याला "दिस" म्हणून सांगावं लागतं, म्हणजे व्हिजिबल ट्रू करावं लागतं. आणि एवढं करून थांबू नका, नाहीतर पुन्हा पत्र पाठवाल. नवं बटन पहिल्याच्या बरोब्बर डोक्यावर येऊन बसतं, मुंबईला नोकरी शोधायला गेलेला भाचा मामाच्या खोलीत बसतो तसं. प्रत्येकाला त्याची जागा द्या, मग दाखवा. क्रम हाच ठेवा, नाहीतर शेठना बटनं उड्या मारताना दिसतील आणि ते पुन्हा हार घालतील.

सगळ्या बटनांना नाव एकच राहू द्या आणि नंबर वेगळे. मग कोणतंही दाबलं तरी एकाच ठिकाणी निरोप येतो, सोबत नंबर येतो. गाडीगणिक वेगळा प्रोग्राम लिहायला बसू नका. तुमचा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगते.

रेणुका बरी आहे. बारावी झाली, माहेरी बेल्यात कापूस वेचते आणि आईशी भांडते. बुंदी ती सगळ्यांनाच तिसऱ्यांदा वाढत होती, कारण बुंदी उरली होती. पण तुमच्या पत्रातलं "सहज" मी दोनदा वाचलं. तुमच्याही बाबतीत बटन जन्मलंय, पण लपलेलं. बेला काही लंडनला नाही. आमचे बाबा, चंपतराव, वाघ नाहीत. जा, समोर बसा, चहा प्या, विचारा. दीर म्हणून भांडता तेवढ्याच आवाजात विचारलं तरी चालेल.

तुमची वहिनी
जयवंता


आदिलाबाद
१२ नोव्हेंबर १९९६

वहिनी,

दिवाळीचा फराळ मिळाला. चकल्या मऊ होत्या, हे मी दादांचा अपमान व्हावा म्हणून लिहीत नाही, तळल्या त्यांनीच असतील म्हणून लिहितो.

बटनं दिसू लागली. पहिल्या दिवशी शेठनी सगळ्या मुनिमांना बोलावून दाखवलं, "पाहा, गाडी आली का हे पैदा होते." मुनिमांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी मधली एक गाडी वजन करून गेली, तिचं बटन मी काढून टाकलं आणि पुढच्या क्षणी अख्खा प्रोग्राम बंद पडला. मी शून्यापासून शेवटच्या नंबरापर्यंत सगळ्यांना हाक मारत होतो आणि मधला एक जागेवरच नव्हता. नसलेल्याला हाक मारली की या मशीनला झटका येतो. आपल्याकडं तर नसलेल्यांनाच जास्त हाका मारतात, कोणाला काही होत नाही.

आणि ते हातानं काढलेलं पहिलं बटन? ते प्रोग्रामला काढताच येत नाही. नंतरची कितीही येवोत-जावोत, पहिलं जागचं हलत नाही. मला ते आवडलं. बेल्याला जायचं म्हणता, तर प्रोग्राम एक आठवडा न पडता चालला की जातोच. तुटपुंज्या पगाराचा, बिनडिग्रीचा जावई कोण करून घेतो? निदान चालणारी एक वस्तू दाखवायला पाहिजे.

पण आता वेगळंच लचांड झालं. तुम्ही बेल्याच्या, तुम्हाला सांगायला नको, पण माझ्या रागासाठी सांगतो. ज्या गाडीतला कापूस लेकीच्या लग्नासाठी विकायचा असतो, तिच्या उभारीच्या दांड्याला हळदीत बुचकळलेलं फडकं बांधतात. आवारात अशी गाडी आली की बाकीचे न बोलता बैल बाजूला घेतात, तिला पुढं जाऊ देतात. कोणी पुरावा मागत नाही, कारण हे फडकं कोणी खोटं बांधत नाही. परवा अशी एक गाडी आली आणि मी भोंग्यावर नंबरानं दुसऱ्यालाच पुकारलं. ज्याला पुकारलं तो हलेना. त्याच्या मागचे हलेनात. खालून एक म्हातारा ओरडला, "वरच्याले दिसत नाई काय बे, पिवळी गाडी हाय!" शेठ माझ्यावर ओरडले. मी शेठवर ओरडलो. मग शेठनी हुकूम सोडला, फडक्याची गाडी स्क्रीनवर पिवळी दिसली पाहिजे आणि सगळ्यांच्या आधी.

मी बटनाला पिवळा रंग दिला. बटन राखाडीच राहिलं. पुन्हा दिला, पुन्हा राखाडी. कॉम्प्युटरला हळद लागत नाही, असं मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "लग्न झालं नसन त्याचं."

दौलत


हैदराबाद
२० नोव्हेंबर १९९६

भाऊजी,

चकल्या मीच तळल्या होत्या.

बटनाच्या अंगाला रंग लागत नाही, ते हट्टी असतं. बटनं काढून टाका आणि त्यांच्या जागी लेबलं घ्या. लेबल म्हणजे नुसती पाटी, पण ती रंग घेते आणि दाबली की बटनासारखीच ओ देते. लोड करणं, नंबर, लपून जन्मणं, सगळं तेच. आणि मधली गेली तर मोजत जाऊ नका. कोणते नंबर हजर आहेत याची नोंद स्वतः ठेवा, फक्त हजर असलेल्यांना हाक मारा.

एक लक्षात असू द्या, लपवलेलं आणि काढून टाकलेलं यात फरक आहे. लपवलेलं दिसत नाही, पण मोजणीत राहतं. काढून टाकलेलंच खरं जातं. माझे विद्यार्थी इथं हमखास चुकतात.

प्रोग्राम एक आठवडा चालला की बेल्याला जाणार म्हणता. भाऊजी, मी हा धंदा करते म्हणून सांगते, न पडणारा प्रोग्राम अजून कोणी लिहिलेला नाही. म्हणजे तुमचा मुहूर्त कोणत्या पंचांगात आहे ते मला कळलं. काच फोडायला तुम्हाला कोणाची परवानगी लागली नव्हती. चहा प्यायला लागते.

मी रेणुकाला पत्र टाकलं आहे. काय लिहिलं ते तुम्हाला सांगणार नाही. एवढंच म्हणते, काही माणसांना समोरचं दिसत नाही, स्क्रीनवरचं मात्र लगेच दिसतं. बघू.

जयवंता


आदिलाबाद
९ डिसेंबर १९९६

सौ. जयवंताबाई यांस,

आज वहिनी लिहायला हात धजत नाही.

अभिनंदन. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तुम्ही मला लेबलं आणि बटनं शिकवत बसलात. तुमचं शिकवणं फुकट गेलं नाही. तुम्ही शिकवलेल्या पिवळ्या रंगातच मला बातमी मिळाली, आणि ती माझ्याच बोटांनी टाइप झाली.

शुक्रवारी सकाळी चौकीदार आला आणि म्हणाला, "बंडी वच्चिंदी. चंपतराव, बेला. पिवळी." मी टाइप केलं. चं-प-त-रा-व लिहून झालं तरी डोक्यात शिरलं नाही. पाटी उगवली, जागेवर गेली, पिवळी झाली आणि सगळ्यांच्या वर जाऊन बसली. प्रोग्राम इतका सुंदर आधी कधी चालला नव्हता. मग मी वाचलं.

शेठ मागं बसलेले. पुढचं नाव पुकारायचं ते तुमच्या वडिलांचं. मी काय केलं सांगू? मी ती पाटी लपवली. शेठ थुंकायला खिडकीत गेले तेवढ्यात लपवली. वळून म्हणाले, "पिवळी होती ना बे एक?" म्हटलं, "डोळ्यात सरकी गेली असेल शेठ." आणि दुसऱ्याला पुकारलं. मग तिसऱ्याला. दिवसभर मी अख्ख्या तालुक्याला पुकारलं, फक्त बेल्याच्या चंपतरावांना नाही. लेकीच्या लग्नाची घाई आहे ना? राहा उभे. मी दोन वर्षं उभा आहे.

खिडकीकडं मी पाठ करून बसलो. मला पाहायचं नव्हतं.

संध्याकाळी स्क्रीन रिकामी झाली. एक पाटी नाही. आणि कोपऱ्यात आकडा, बाकी गाड्या: एक. शेठनी चष्मा पुसला. "गाडी कुठं हाय?" मी म्हटलं, मशीनची चूक. शेठ खिडकीतून वाकले आणि म्हणाले, "मशीन बरोबर सांगून राह्यली. ते पाह्य, काट्याजवळ उभी हाय." लपवलेलं मोजणीत राहतं, हे तुम्ही लिहिलं होतं. माझ्या रागात मी ते विसरलो. दिवे लावून वजन झालं. भोंग्यावर नाव शेवटी मीच घेतलं.

लग्न कुठं आणि कधी तेवढं कळवा. आहेर पाठवतो. लेबलच पाठवतो, त्याला रंग लागतो.

दौलत


हैदराबाद
१८ डिसेंबर १९९६

भाऊजी,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी रेणुकाचंही आलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली. आधी तुमच्या दादांना वाचू दिली नाहीत. मग दिली. ते जेवले नाहीत.

रेणुकाचं लग्न ठरलं नव्हतं. त्या शुक्रवारी सकाळी तरी नाही.

फडकं मी बांधायला सांगितलं होतं. बाबांना ठाऊक नव्हतं. मी रेणुकाला लिहिलं, "गाडीला पिवळं बांध, त्याच्या स्क्रीनवर उगवेल. आग्या वेताळ आहे तो, नाव वाचलं की जिना न उतरता खिडकीतून उडी मारेल, बाबांना आवारातच विचारेल. सगळ्यांसमोर ओरडेल, पण विचारेल." फडकं खोटं बांधत नाहीत, हे मलाही माहीत आहे. वाटलं, दुपारपर्यंत खरं होईल. तुमच्या रागावर माझा एवढा विश्वास होता. जन्मभर तुम्ही नको तिथं ओरडलात, आणि ज्या एका दिवशी ओरडायचं होतं त्या दिवशी गप्प बसून एक पाटी लपवलीत.

आणि रेणुका गाडीवरच होती. बांगड्या घ्यायचं निमित्त काढून आली होती. कापसावर बसून दिवसभर तुमच्या खिडकीकडं पाहत होती. शेठ दोनदा थुंकायला आले, म्हणते. तुम्ही एकदाही नाही.

आता पुढचं ऐका. बाबांना फडकं आवारात आल्यावर दिसलं. त्यांना वाटलं आईनं नवस म्हणून बांधलं. सोडावं तर हळदीचं फडकं वाटेत सोडत नाहीत, लेकीला अपशकुन होतो. ठेवावं तर लोक विचारतात. आणि तुम्ही पुकारत नाही, म्हणून उभं राहावं लागतं, म्हणून जास्त लोक विचारतात. शेजारी बाजारहत्नूरच्या यशवंतरावांची गाडी होती. ते म्हणाले, "कोन्या गावची सोयरीक, चंपतराव?" बाबा म्हणाले, "ठराची हाय अजून." ते म्हणाले, "बाप्पा! अन फडकं आधीच?" बाबांनी मान खाली घातली. खोटं पडलेल्या माणसासारखी. आणि वाट देऊन थांबलेल्यांना स्वतःच हात जोडून पुढं जायला सांगितलं.

यशवंतरावांनी मग काय केलं माहीत आहे? तुम्ही त्यांना दुपारी पुकारलंत, तेव्हा ते गेले नाहीत. मागच्याला पुढं जाऊ दिलं आणि गाडीवरून उतरून बाबांजवळ थांबले. भाकरीचं गाठोडं सोडलं, रेणुकाला खाली उतरवून गाडीच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. आणि ऊन कलल्यावर म्हणाले, "माया पोरगा भगवान, मास्तर हाय शाळेत. बीए पुरं केलं. तुमचं फडकं खोटं काऊन पडू द्याचं?" आवारातल्या लोकांनी तिथंच गूळ वाटला. दिवे लावून तुम्ही वजन केलंत, तेव्हा ते फडकं खरं झालेलं होतं.

मी रेणुकाला विचारलं, तुझ्या मनाचं काय? तिनं लिहिलं, "ताई, मी घरी येऊन हो म्हटलं. मला कोणी जबरदस्ती केली नाही. त्या घरातली माणसं गाडीवरून खाली उतरतात."

तुमच्याइतकीच चूक माझी आहे, म्हणून जास्त बोलत नाही. लग्न माघात आहे.

जयवंता


आदिलाबाद
६ जानेवारी १९९७

वहिनी,

पुन्हा वहिनी लिहितो आहे, चालवून घ्या.

तुमचं पत्र वाचून मी आधी काय केलं ते विचारू नका, केबिनचा एक पंखा कमी झाला. शेठ पगारातून कापणार. मग बेल्याला जायचं ठरवलं, आणि चार वेळा बस स्टँडवर जाऊन परत आलो. आग्या वेताळ म्हणता ना? त्याला तिकीट काढता येत नाही.

शेवटी बेलाच इकडं आलं. शनिवारी चौकीदार ओरडला, चंपतराव, दुसऱ्या वेचणीचा कापूस. मी टाइप केलं, पाटी उगवली. मग मी उठलो आणि जिना उतरलो. शेठ वरून म्हणाले, "कुठं चालला बे, पुकारन कोन?" मी उतरत राहिलो.

तुमचे बाबा बैलाच्या मानेखाली हात घालून उभे होते. मी म्हटलं, "राम राम मामा."

"कोन? जयवंताचा देर? तू इथंच हायस काय?"

"वर भोंग्यावर मीच असतो."

"तू हायस काय तो! आवाज लय भारी येते रे भोंग्यातून." मग हसले. खूप खूश होते, वहिनी. म्हणाले, "तुमच्या मशिनीनं त्या दिवशी नाव गिळलं, अन मायी पोरगी उजवली. हुंडा नाई, मागणं नाई. यशवंतराव म्हनते, सोयरीक जुळवणाऱ्याले मांडवात दुपट्टा-टोपी द्या लागते. कोनाले देऊ? मशिनीले?"

मी म्हटलं, "मामा, मशीननं नाही गिळलं. मी लपवलं. मुद्दाम."

"काऊन?"

मी पाठ करून आलेलं सगळं विसरलो. तोंडातून निघालं, "मले तुमाले रेणुका मागाची होती."

त्यांनी बैलाच्या जोताची गाठ सोडली, पुन्हा बांधली. रागावतील, हात उगारतील, मला बरं वाटेल, असं मी उभा राहिलो. त्यांनी तसं काही केलं नाही. खरंच समजून घ्यायचं असावं अशा आवाजात म्हणाले, "मागाची होती तं गाडी पुढं काढाची, पोरा. मांगं काऊन ठेवली?"

वहिनी, मी कासरा हातात घेतला आणि गाडी काट्यावर नेली. मधल्या सगळ्यांनी वाट दिली, काऊन कोण जाणे. वजन झालं, कापूस उतरला, आणि मामा रिकाम्या गाडीवर चढताना म्हणाले, "आता शब्द देऊन बसलो. पण तू येजो लग्नाले. टोपी तुयीच हाय, दुसऱ्या कोनाची नाई."

टोमणा होता की मान होता, ते त्यांच्या तोंडावरून कळेना. मी रात्रंदिवस टोमणे मारतो आणि मला ते ओळखू आलं नाही.

जाणार आहे. तुम्ही आणि दादाही याल, तेव्हा मांडवात भेटू. रेणुकाशी बोलणार नाही, तुमची शपथ, फक्त समोर उभा राहीन. तिनं एकदा मला पाहिलं पाहिजे, मग तिनं तोंड फिरवलं तरी चालेल. टोपी घ्यायला मान वाकवावी लागते, ती वाकवीन. पंगतीत बसेन. बुंदी वाढायला ती नसेल, हे मला माहीत आहे.

दौलत